कुरडया घालण्याआधी आभाळ कसं वाचायचं

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळायला ठेवायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून, ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कागदावर घालायचा. म्हणजे गहू भिजत घालते त्या दिवशीच मला पाचव्या दिवसाचं आभाळ ठाऊक हवं. नुसती सकाळ कोरडी असून भागत नाही. कुरडई वरून कडक दिसली तरी पोटात ओली असते, तिला संध्याकाळपर्यंत ऊन-वारा लागतो.

नाशिकला पंचवटीत आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी अठरा उन्हाळे वाळवण करते आहे. पहिली काही वर्षं नशिबावर निघाली. मग एका एप्रिलात बारा किलो गव्हाच्या कुरडया घातल्या, मोबाइलवर दिवसभर पिवळाधमक सूर्य होता, आणि सव्वाचारला वळीव आला. दहाच मिनिटं पडला असेल. कुरडयांचा परत चीक झाला आणि गच्चीच्या पन्हाळीतून खालच्यांच्या स्कूटरवर उतरला. त्या रात्री हिशेबाच्या जुन्या वहीची उरलेली पानं मी हवामानाला दिली. आता सहावी वही चालू आहे, आणि इथे सांगते ते बरंचसं तिच्यातलं आहे.

एक गोष्ट आधी सांगते. अंदाज एकदा बघून विसरायचा नसतो. मी चार वेळा बघते: पाच दिवस आधी, आदल्या संध्याकाळी, त्या सकाळी आणि शेवटच्या अर्ध्या तासात. दर वेळी बघायची जागा वेगळी. पाच दिवस आधी गच्चीवर जाऊन ढग न्याहाळण्यात अर्थ नाही, आणि डोक्यावर गडगडत असताना पाच दिवसांचा तक्ता उघडण्यातही नाही.

गहू भिजवायच्या दिवशी

हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचा जिल्हावार अंदाज उघडा आणि त्यातल्या चित्रांपेक्षा शब्द वाचा. ते शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. 'जोरदार पाऊस' हाही मोघम शब्द नाही, चोवीस तासांत 64.5 मिलीमीटर पडला की तो जोरदार. आणि हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असतात. म्हणून रात्रभर कोसळलेला पाऊस पेपरात भलत्याच तारखेला दिसतो आणि माणसं खात्याच्या नावानं बोटं मोडतात. अलीकडे 'नाशिक' आणि 'नाशिक घाट' असे वेगळे रकाने येतात, तेही नीट बघा. इगतपुरी-त्र्यंबकचा इशारा वाचून पंचवटीतलं वाळवण गुंडाळायची गरज नसते.

वळवाच्या दिवसांत 'तुरळक ठिकाणी' हाच शब्द सगळ्यात फसवा. वाटतं, तुरळक म्हणजे किरकोळ. तसं नाही. तुरळक हे जागेचं माप आहे, पावसाचं नाही. ज्या एका ठिकाणी तो पडतो तिथे बदाबदा पडतो.

अ‍ॅपवरच्या टक्क्यांचंही तेच. 30 टक्के म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा पाऊस नव्हे आणि हलका पाऊसही नव्हे. असे दहा दिवस आले तर त्यातल्या तिनांत आपल्या जागी पडेल, एवढंच. चित्र मात्र एकच काढायचं असतं, म्हणून अ‍ॅप सात दिवसांच्या बाजूनं सूर्य काढतं. माझ्या बारा किलोंच्या दिवशी बहुधा हेच झालं होतं; मी सूर्य बघितला, आकडा बघितलाच नाही.

विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर मी युरोपचं आणि अमेरिकेचं अशी संगणकावर अंदाज काढणारी दोन्ही मॉडेलं बघते. युरोपचं मॉडेल साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनात विचार करतं, अमेरिकेचं त्याहून जाड चौकोनात. वळवाचा ढग कधी चार-पाच किलोमीटरचाच असतो, तो या चाळणीतून सरळ निसटतो. म्हणून 'माझ्या गल्लीवर निळं आहे का' हे मी पाहतच नाही. नाशिकपासून धुळे-अहिल्यानगरपर्यंतच्या पट्ट्यात दुपारनंतर कुठेतरी पाऊस दाखवतायत का, एवढं बघते. दोन्ही कोरडी असली तर गहू भिजवते. दोन्ही ओली असली तर नाही. दोघांचं जमत नसेल तर त्या आठवड्यात उडदाचे पापड, कारण ते सावलीतच वाळवायचे असतात. शिवाय खात्याच्या निवेदनात 'विदर्भापासून कर्नाटकपर्यंत कमी दाबाचा पट्टा' असं वाक्य आलं की मी आपोआप सावध होते. समुद्रावरची दमट हवा आणि आतली तापलेली कोरडी हवा अशा पट्ट्यावर एकमेकींना भिडतात, आणि वळवाचे ढग तिथेच उठतात.

माठ आणि पेला

आमच्या सासूबाई सकाळी माठातलं पाणी पिऊन म्हणायच्या, "अगं, आज माठ गार नाही. चीक नको काढूस." मला हे शकुन-अपशकुनातलं वाटायचं. वही सुरू केल्यावर कळलं, त्या हवेतली ओल मोजत होत्या.

माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं आणि वाळताना उष्णता ओढून नेतं. हवा जितकी कोरडी तितकं ते भराभर वाळतं आणि पाणी तितकं गार होतं. कुरडईतलं पाणीही त्याच हवेत वाळायचं असतं. माठ गार म्हणजे कुरडई चांगली, माठ कोमट म्हणजे कुरडई चिवट. बाहेर 38 अंश आणि हवा कोरडी असेल तर सावलीतल्या चांगल्या माठातलं पाणी 21-22 पर्यंत उतरू शकतं. 34 अंशच असले पण हवा दमट असेल, तर ते 25 च्या खाली जायचं नाव घेत नाही. म्हणजे कमी तापलेल्या दिवशी पाणी जास्त गरम! हाताला हा फरक लगेच कळतो. माठ मात्र जुना, पाझरता हवा. बाहेरून रंग फासलेले, नळ लावलेले शोभेचे माठ यात काही कामाचे नाहीत.

माठ खूण देतो. आकडा हवा असेल तर स्टीलचा पेला घ्या. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला गच्चीच्या दाराशी सावलीत बसा. स्वयंपाकघरात नको, तिथे वाफ असते. चकचकीत पेल्यात अर्ध्यापर्यंत साधं पाणी घ्या आणि दुधा-चहासाठी मिळतो तो डिजिटल थर्मामीटर त्यात ठेवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाका आणि हळू ढवळत राहा. आपला श्वास पेल्यावर पडू देऊ नका. एका क्षणाला पेल्याची बाहेरची चमक मळल्यासारखी होते, बोट फिरवलं की रेघ उमटते. त्या वेळी थर्मामीटरवर जो आकडा असेल तो दवबिंदू. बाहेरची हवा तितकी थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, असा त्याचा अर्थ. बर्फ टाकून टाकून 8-9 अंशांपर्यंत आलात तरी पेला लखलखीत असेल, तर वहीत 'फार कोरडी' लिहा आणि खुशाल चीक निवळायला ठेवा.

आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा मला दवबिंदू बरा वाटतो, कारण टक्के दिवसभर नाचतात. समजा दवबिंदू 20 आहे. सकाळी 22 अंशांना आर्द्रता 88 टक्के दिसेल, दुपारी 38 अंशांना तीच 35 टक्के. हवेतलं पाणी तेवढंच, फक्त हवा तापली. दुपारचे 35 टक्के बघून 'वा, कोरडं झालं' म्हणणारा फसतो. दवबिंदू दोन्ही वेळेला 20 च सांगतो.

माझ्या गच्चीचा हिशेब असा आहे: पेला 12 च्या खाली मळला तर कुरडई एका दिवसात खडखडीत. 12 ते 17 मध्ये दुसऱ्या दिवशीचं ऊन लागतंच. 18 च्या वर गेला तर वाळायला वेळ लागतोच, शिवाय वळवाला लागणारं खाद्य हवेत तयार आहे असं समजायचं. दोन दिवसांत आकडा 10 वरून 18 वर उडी मारतो तेव्हा तर मी कोणाचंच ऐकत नाही, अ‍ॅप काहीही म्हणो. तुमची गच्ची सातपूरला असेल किंवा नदीकाठी असेल तर हे आकडे थोडे सरकतील. ते तुमच्या वहीतून काढा.

याच आकड्यातून ढगाची उंचीही निघते. बाहेरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले 125. उत्तर मीटरमध्ये, ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची. 38 आणि 10 असेल तर साडेतीन हजार मीटर. एवढ्या उंचीवरून सुटलेला पाऊस पुष्कळदा वाटेतच वाळून जातो; ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसतात, जमिनीवर मात्र चार थेंब. 34 आणि 20 असेल तर तळ पावणेदोन हजारांवर येतो, आणि मग झालर थेट आपल्या अंगणात. पावसाळ्यात हे उलटं वापरता येतं. अंजनेरीचा माथा नाशिकच्या सपाटीहून सुमारे सातशे मीटर उंच आहे. तो ढगात गेला की समजायचं, तापमान आणि दवबिंदू यांच्यात जेमतेम पाच-सहा अंशांचं अंतर उरलंय. आमच्या गच्चीवरून अंजनेरी अजून दिसतो. पांडवलेण्याचा डोंगर मात्र नव्या इमारतींनी अर्धा खाल्ला.

त्या दिवशीचे ढग

सकाळी दहाच्या आत आभाळात छोटे छोटे उभे बुरूज दिसले, किल्ल्याच्या तटावर असतात तसे, तर वरची हवा अस्थिर आहे. हे ढग स्वतः काही करत नाहीत, अकरापर्यंत विरूनही जातात, आणि लोक म्हणतात 'मोकळं झालं'. मी त्या दिवशी दुपारी झोपत नाही.

एक वाजता परत वर जा. कापसाचे गोळे उंचीपेक्षा रुंद, तळ सपाट, वरून चपटे असतील तर ते उन्हाळ्याचे साधे ढग. रुंदीपेक्षा उंच झाले असतील आणि कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत असतील तर ढग वाढतोय. अडीचच्या सुमाराला त्याच ढगाचं डोकं पिंजल्यासारखं, केसाळ दिसू लागलं आणि लोहाराच्या ऐरणीसारखं एका बाजूला पसरलं, की वर बर्फ झालाय आणि खाली पाऊस सुरू आहे किंवा होणार आहे. कागद गोळा करायला घ्यायची वेळ ही. गडगडाटाची वाट बघू नका.

दिशा बघा. पावसाळ्यातला पाऊस त्र्यंबकच्या बाजूनं येतो हे नाशकात पोरासोरांनाही माहीत आहे, म्हणून सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. माझ्या वहीतले वळीव मात्र बहुतेक पूर्वेकडून, सिन्नर-निफाडच्या अंगानं चढलेत. माझ्या गच्चीवरची पाण्याची टाकी नेमकी पूर्वेला आहे. बारा किलो गेले त्याला ती टाकीही जबाबदार.

मोबाइलवर या वेळी इन्सॅटची उपग्रह चित्रं आणि मुंबईचं रडार बघावं. फक्त रडारचा किरण मुंबईहून नाशिकवर येईपर्यंत पृथ्वीच्या गोलाईमुळे तीनेक किलोमीटर उंचावरून जातो. उंच वळीव त्यात सापडतो, श्रावणातली खालच्या ढगांची भुरभुर बरेचदा सापडत नाही. तेव्हा 'रडारवर काही नाही' आणि 'अंगावर पडतंय' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात.

हवेचा दाब सांगणारे फोन आता पुष्कळांकडे आहेत, म्हणून एक सांगून ठेवते. दाब रोज आपोआप खाली-वर होतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. भाच्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याला रोज दुपारी वादळ येतंय असं वाटायचं. आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच करा. नाशिक उंचावर असल्यानं फोनवर 945 च्या आसपास दिसेल आणि अ‍ॅपवर 1005-1010. अ‍ॅप समुद्रसपाटीला आणून सांगतं, बिघाड कशातच नाही.

शेवटचा अर्धा तास

आधी वारा पडतो. कागदाच्या कडा हलायच्या थांबतात. मग एकाएकी उलट्या दिशेनं गार झोत येतो, धूळ उठते आणि मातीचा वास येतो. हा वास दुसऱ्या कुणाच्या तरी मातीचा असतो. तिथे पाऊस पडतोय आणि त्यानं गार केलेली हवा आपल्याकडे ढकलली जातेय. या झोतानंतर माझ्या हातात पाच ते पंधरा मिनिटं असतात. म्हणून मी आता एकच मोठा कागद अंथरत नाही. दोन जणी चार कोपरे धरून उचलतील एवढेच कागद, आणि जिन्याच्या खोलीत त्यांच्यासाठी मोकळी जागा.

पण वीज दिसली तर हे सगळं बाजूला ठेवा. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनानं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की गच्ची सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या. मदतीला येणाऱ्या मावशी एकदा 'एवढा एकच कागद, ताई' म्हणत परत वर निघाल्या होत्या. मी दाराला कडी लावून किल्ली कमरेला खोचली. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

पाऊस आणि थंडी, थोडक्यात

पावसाळ्यात वाळवण नाही, पण पंचवटीत राहायचं तर गोदावरी बघावी लागते. इथे एक उमजायला मला 2 ऑगस्ट 2016 चा पूर लागला: रामकुंडावरचं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसावरून ओळखू नका. ते त्र्यंबककडचा पाऊस, गंगापूर धरण किती भरलंय आणि विसर्ग किती सोडलाय यावर ठरतं. धरण रिकामं असताना मोठा पाऊस पचतो, काठोकाठ असताना मध्यम पाऊसही खाली सोडावा लागतो. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या थोडं वर. बाकी गावाचं माप म्हणजे नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी त्याच्या गुडघ्याला की कमरेला, ते सगळ्यांना कळतं.

थंडीत फोन येतो तो निफाडच्या भावाचा, द्राक्षासाठी. त्याला मी पेलाच शिकवलाय. संध्याकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि पेला 4-5 अंशांपर्यंत मळत नसेल, तर पहाट अवघड. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, पारा फार उतरत नाही. गार हवा जड असते, पाण्यासारखी सखल भागात साचते, म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा नाशिक शहरापेक्षा बहुतेक वेळा खाली असतो. पहाटे चुलीचा धूर वर न जाता छपराच्या उंचीवर आडवा पसरला, की थंड हवा खाली कोंडली आहे. भाऊ मग बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक सुरू करतो. 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट मात्र ना पेल्यानं सांगितली असती ना धुरानं. तिच्यासाठी खात्याचा इशाराच वाचायला हवा होता.

नक्षत्रांचं विचाराल तर, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' हे मी मानते, कारण ते त्या दिवसांतल्या पावसाचा रब्बीला उपयोग सांगतं. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पाऊस ठरवत नाही. चंद्राभोवतीचं खळं मात्र वहीत लिहिते. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठा ते करंगळी एवढं त्याचं चंद्रापासूनचं अंतर भरतं. वर बर्फाच्या कणांचा पातळ ढग आला की ते दिसतं. त्यानंतर पाऊस आलाच असं माझ्या वहीत नाही, पण हवा बदलली असं बरेचदा आहे.

वही

रकाने पाचच: तारीख, संध्याकाळचा दवबिंदू, एक वाजताचे ढग, मी काय म्हटलं, काय झालं. 'मी काय म्हटलं' हा रकाना आधी भरायचा, पेनानं. पेन्सिल ठेवली की माणूस नंतर शहाणा होतो, स्वानुभव आहे. आणि गुण देताना कोरडे दिवस मोजू नका. एप्रिलात नाशकात 'उद्या कोरडं' असं रोज म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबरच येतं, त्यात ना माझी हुशारी ना अ‍ॅपची. 'पडेल' म्हटलं ते दिवस आणि खरंच पडला ते दिवस, एवढेच मोजा. माझ्या पहिल्या वहीत यातले निम्मेही जुळत नव्हते.

आज संध्याकाळी पेला 11 वर मळला. पूर्वेला काही नाही, माठ गार आहे. चीक निवळायला ठेवलाय, पहाटे चारचा गजर लावलाय.